चेहऱ्याला उठाव देणारी सावली

फोटो सपाटच असतो. त्यातल्या चेहऱ्याला उठाव आल्यासारखा वाटतो तो मुख्यतः उजेड आणि सावली यांच्या मधल्या छटांमुळे. महागडी लेन्स आणि पुसट पार्श्वभूमी यांना याचे श्रेय दिले जाते, पण माझ्या मते ते नको तितके दिले जाते. उजेड गालावर कोठे मावळतो आणि सावली कोठून सुरू होते, हे पाहण्याची सवय ज्याने लावून घेतली, त्याला साध्या कॅमेऱ्यानेही जिवंत पोर्ट्रेट काढता येते.

सुरुवात मोठ्या खिडकीपासून करावी. थेट ऊन आत येत नाही अशी वेळ निवडावी, खोलीतले दिवे बंद करावेत (दोन रंगांचे उजेड मिसळले की त्वचा मळकट दिसते) आणि व्यक्तीला खिडकीपासून साधारण एक मीटरवर बसवावे. खिडकी कॅमेऱ्याच्या पाठीशी नको. समोरून पडणारा उजेड, विशेषतः कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशचा, सगळ्या सावल्या चेहऱ्यामागे लपवतो आणि चेहरा थापल्यासारखा दिसतो. खिडकी व्यक्तीच्या एका बाजूला आणि किंचित पुढे असावी. तिचा खालचा भाग जाड कापडाने झाकला तर उजेड वरून उतरतो, आणि चेहऱ्याला तोच शोभतो.

आता व्यक्तीला चेहरा खिडकीकडून हळूहळू दुसऱ्या बाजूला वळवायला सांगावे आणि आपण फक्त नाकाच्या सावलीकडे पाहावे. आधी ती नाकपुडीलगत एवढीशी असते. चेहरा वळेल तशी गालावर उतरत जाते आणि एका क्षणी गालाच्या सावलीला जाऊन मिळते. त्या वेळी सावलीतल्या डोळ्याखाली उजेडाचा एक लहान त्रिकोण उरतो. चित्रकार रेम्ब्रांट (१६०६–१६६९) यांच्या व्यक्तिचित्रांत असा उजेड दिसतो, म्हणून या मांडणीला त्यांचेच नाव मिळाले आहे. चेहरा आणखी वळवला की त्रिकोण नाहीसा होतो आणि चेहरा उभा दुभागला जातो. त्यात नाट्य असते, पण गोलाई कमी होते.

या वळणाबरोबर कॅमेऱ्याची जागाही ठरवावी. चेहऱ्याची जी बाजू कॅमेऱ्याला कमी दिसते ती उजेडात आणि जी जास्त दिसते ती सावलीत असेल, तर गालाचा उतार छटाछटांनी उलगडतो आणि खोली वाढते. उलट मांडणीत चेहरा रुंद आणि सपाट दिसतो. फार कृश चेहऱ्यासाठी मात्र ती उपयोगी पडते.

सावली किती गडद असावी? उजळ बाजूपेक्षा एक ते दोन स्टॉप कमी, म्हणजे तिच्या निम्मा ते पाव उजेड, ही चांगली मर्यादा आहे. सावलीच्या बाजूला पांढरा थर्माकोल धरून तो पुढे-मागे सरकवला की हे प्रमाण सहज जुळते. त्या बाजूच्या डोळ्यातही चमकेचा ठिपका दिसेपर्यंत थर्माकोल जवळ आणावा. त्या ठिपक्याशिवाय डोळा निर्जीव वाटतो.

चेहऱ्याची ठेवण कॅमेऱ्याच्या अंतरावर ठरते. नाकाच्या टोकापासून कान साधारण १२ सेंटीमीटर मागे आहेत असे धरले, तर ३० सेंटीमीटरवरून फोटो काढताना कान नाकापेक्षा १.४ पट दूर असतात, म्हणून नाक फुगते. दीड मीटरवर हाच फरक १.०८ पट उरतो. म्हणून दीड ते अडीच मीटरवर उभे राहावे आणि चौकट भरण्यापुरती लांब लेन्स घ्यावी. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर (ज्याचा सेन्सर ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढा असतो) ८५ मिलिमीटरची लेन्स सोयीची पडते. त्याहून फार दूर गेल्यास चेहरा पुन्हा चपटा दिसू लागतो.

याच लेन्सने दोन मीटरवरून एफ/१.८ वर (एफचा आकडा लेन्सचे छिद्र किती उघडे आहे ते सांगतो; आकडा लहान, तर छिद्र मोठे) जेमतेम ६ सेंटीमीटर खोलीपर्यंतचा भाग स्पष्ट येतो, म्हणजे डोळे धारदार आणि कान धुरकट. एफ/४ वर हे अंतर सुमारे १३ सेंटीमीटर होते आणि डोक्याचा आकार एकसंध राहतो. मला दुसरा पर्याय अधिक खरा वाटतो. फोकस जवळच्या डोळ्यावर असावा.

पार्श्वभूमी व्यक्तीपासून दोनेक मीटर मागे असावी. सावलीतल्या गालामागे भिंत थोडी उजळ आणि उजळ गालामागे थोडी गडद असेल, तर दोन्ही कडा सुटून दिसतात.

एडिटिंग करताना त्वचा गुळगुळीत करणारे फिल्टर टाळावेत, कारण रोमछिद्रांवर आणि बारीक सुरकुत्यांवर अडणारा उजेडच कातडीला पोत देतो. सावल्या सरसकट उजळवण्याचा मोहही आवरावा. शेवटी फोटो लहान आकारात आणि कृष्णधवल करून पाहावा: रंग गेल्यावरही नाक गालापासून आणि जबडा मानेपासून सुटा दिसत असेल तर मांडणी जमली आहे, दिसत नसेल, तर कॉन्ट्रास्ट वाढवत न बसता पुन्हा खिडकीपाशी जाऊन चेहरा थोडा वळवावा.