कुंद्याच्या दुकानाचं ॲप: व्हीएस कोडमध्ये सुरुवात कुठनं करायची

काका मागं लागले, दुकानाच्या ऑर्डरी मोबाईलवर लिहून घेता येतील असं कायतरी करून दे, पाव किलो कुंदा अर्धा किलो कुंदा (कुंदा म्हणजे दुधाची मिठाई), खाली टोटल दिसली की बास. म्हटलं करूया की. त्यात जिथं जिथं अडलो ते सांगतो, कुणाचा तरी एक रविवार वाचेल.

आधी एक बघा, व्हिज्युअल स्टुडिओ वेगळं आणि व्हिज्युअल स्टुडिओ कोड वेगळं. जांभळ्या आयकॉनचं अवाढव्य आहे, ते उतरवत बसलात तर दिवसाचा डेटा तिथंच खलास. आपल्याला निळं, म्हणजे व्हीएस कोड पाहिजे, कोड लिहायचं साधं ॲप, फुकट आहे. सोबत नोड जेएस घ्या, जावास्क्रिप्ट भाषेतला कोड लॅपटॉपवर चालवणारं, एलटीएस लिहिलेलं, म्हणजे जास्त दिवस टिकणारी आवृत्ती.

आता फाईल उघडायची नाही, फोल्डर उघडायचा. रिकामा फोल्डर, नाव इंग्लिश स्मॉल अक्षरात, मध्ये स्पेस नको, मग फाईल मेनूतनं ओपन फोल्डर. मी सुट्या फाईली उघडत बसलो होतो, टर्मिनल, म्हणजे कमांड लिहायची खिडकी, भलत्याच जागी सुरू व्हायचं आणि पॅकेज डॉट जेसन, म्हणजे प्रोजेक्टची माहिती असलेली फाईल, सापडत नाही म्हणून बोंब मारायचं. त्याच मेनूत ऑटो सेव्ह आहे ते चालू करून ठेवा, आपल्याकडं पावसाळ्यात लाईट कधी जाईल सांगता येतंय होय?

कंट्रोल आणि टॅबच्या वरची ती तिरक्या टिंबाची की दाबली की खाली टर्मिनल येतं. तिथं इंग्लिशमध्ये 'एनपीएम क्रिएट वीट ॲट लेटेस्ट', ॲट म्हणजे ते चिन्ह, वीट म्हणजे प्रोजेक्टचा सांगाडा तयार करून देणारं टूल, स्पेलिंग व्ही आय टी ई, एनपीएम नोडसोबतच येतं, आणि शेवटी स्पेस देऊन एक टिंब, म्हणजे ह्याच फोल्डरात कर. लाल अक्षरात 'रनिंग स्क्रिप्ट्स इज डिसेबल्ड' आलं तर घाबरू नका, विंडोजचं पॉवरशेल नावाचं टर्मिनल अडवतंय, प्लसच्या शेजारच्या बाणातनं कमांड प्रॉम्प्ट घ्या. पुढं विचारेल तिथं व्हॅनिला, म्हणजे साधं, कुठलं फ्रेमवर्क नसलेलं, मग जावास्क्रिप्ट. रिॲक्टसारख्या मोठ्या तयार लायब्रऱ्यांच्या नादी आत्ताच लागू नका. मग 'एनपीएम इन्स्टॉल', 'एनपीएम रन डेव्ह', आणि ब्राउझरच्या पत्त्यात इंग्लिशमध्ये लोकलहोस्ट, कोलन, ५१७३, म्हणजे आपल्याच लॅपटॉपवर चाललेलं ॲप.

आपल्या भागातली खास भानगड म्हणजे भाषा. गिऱ्हाईक मराठी, शेजारचं कन्नड, कॉलेजची पोरं इंग्लिश. म्हणून बटणावरचे शब्द कोडात इकडंतिकडं लिहू नका, पहिल्या दिवशीच एक वेगळी फाईल करून तिन्ही भाषांचे शब्द तिथं ठेवा. मी नंतर करू म्हटलं आणि चार फाईलीत 'एकूण' शोधत फिरलो.

फोनवर बघायला 'एनपीएम रन डेव्ह' पुढं स्पेस, दोन डॅश, स्पेस, दोन डॅश होस्ट असं लिहा, तो नेटवर्कवाला पत्ता दाखवतो, फोन आणि लॅपटॉप एकाच वायफायवर पाहिजेत, फायरवॉलनं विचारलं तर अलाऊ करा. काकांनी फोनवर २५० टाकलं आणि टोटलच्या जागी 'नॅन', म्हणजे 'हा आकडाच नाही'! अर्धा तास डोकं खाजवलं. काकांचा कीबोर्ड मराठी, आणि जावास्क्रिप्टच्या नंबर फंक्शनला देवनागरी आकडे कळतच नाहीत. मग एकेक अक्षर घेऊन '०१२३४५६७८९' ह्या ओळीत ते कितव्या जागी आहे ते इंडेक्सऑफनं काढायचं आणि तो आकडा वापरायचा, झालं काम.

दुसऱ्या दिवशी त्याच रकान्यात काकांनी सरळ 'पाव' लिहिलं. मी रकानाच काढला, तीन बटणं दिली.