पीसीओएस, गर्भाशयाचे अस्तर आणि ‘इम्युन’ तपासण्या : कोणत्या क्रमाने जावे

पीसीओएस, म्हणजे अंडे वेळेवर फुटू न देणारा संप्रेरकांचा बिघाड, असलेल्या स्त्रीला दिवस राहत नसतील आणि दोन-तीन उपचार वाया गेले असतील, तर ‘तुमची प्रतिकारशक्ती गर्भाला रुजू देत नाही’ हे वाक्य हल्ली कधी ना कधी तिच्या कानावर येते. त्यापाठोपाठ एनके म्हणजे ‘नॅचरल किलर’ या पांढऱ्या पेशींची रक्ततपासणी, त्या दडपण्यासाठी इंट्रालिपिड या स्निग्ध द्रावणाचे सलाइन आणि स्टेरॉइडच्या गोळ्या अशी यादी हातात पडते. त्या यादीवर पैसे घालण्याआधी कोणत्या गोष्टी कोणत्या क्रमाने तपासून घ्याव्यात, हे येथे सांगायचे आहे.

प्रथम अस्तरात काय घडते ते समजून घ्यावे, कारण पुढचे सर्व निर्णय त्यावर बेतलेले असतात. अंडे फुटल्यानंतर, म्हणजे अंडाशयातून बाहेर पडल्यानंतर, प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वाढते, अस्तराच्या पेशी फुगतात आणि इंटरल्युकिन-१५ सारखे रासायनिक संदेश सोडतात. त्या संदेशांमुळे अस्तरातील एनके पेशींची संख्या झपाट्याने वाढते. गर्भारपणाच्या पहिल्या काही आठवड्यांत अस्तरातील पांढऱ्या पेशींपैकी सुमारे ७० टक्के पेशी याच असतात. ‘नॅचरल किलर’ या नावाने भीती वाटते, पण गर्भाशयातील या पेशी रक्तातल्या एनके पेशींसारख्या मारक नसतात. आईच्या बारीक, नागमोडी रक्तवाहिन्या रुंद करून वारेला पुरेसे रक्त मिळावे, यासाठी त्या मदत करतात. त्यांच्या जोडीला नियामक टी पेशी असतात, ज्या वडिलांकडून आलेले परके गुणधर्म आईच्या शरीराला सहन करू देतात.

पीसीओएसमध्ये बिघाड होतो तो मुळाशीच. अंडे वेळेवर फुटत नाही, म्हणून प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही. अस्तर महिनोन्‌महिने केवळ इस्ट्रोजेनच्या प्रभावाखाली राहते, आणि वाढलेले इन्सुलिन व पुरुषी संप्रेरके प्रोजेस्टेरॉनला मिळणारा प्रतिसादही मंद करतात. काही छोट्या अभ्यासांत अशा स्त्रियांच्या अस्तरात एनके पेशी कमी आढळल्या आहेत. मग त्या दडपण्यासाठी औषध देण्यात काय अर्थ आहे, हा प्रश्न डॉक्टरांना विनासंकोच विचारावा.

म्हणून पहिली पायरी अंडे फुटते की नाही, ही. ‘एकविसाव्या दिवशी प्रोजेस्टेरॉन’ ही तपासणी २८ दिवसांच्या पाळीसाठी आहे. पाळी ४० दिवसांनी येत असेल तर एकविसाव्या दिवसाचा आकडा काहीच सांगत नाही. रक्त अपेक्षित पाळीच्या सुमारे सात दिवस आधी द्यावे, आणि पाळीचा भरवसाच नसेल तर फॉलिक्युलर स्टडी (सोनोग्राफीने अंड्याच्या पिशवीवर, म्हणजे फॉलिकलवर, लक्ष ठेवणे) करून, फॉलिकल फुटल्यावर सात दिवस मोजावेत. एलएच हे अंडे फुटण्याआधी वाढणारे संप्रेरक लघवीत दाखवणाऱ्या घरगुती पट्ट्यांवर विसंबू नये, कारण पीसीओएसमध्ये एलएच मुळातच जास्त असू शकते आणि पट्टी खोटा होकार देते. अंडे फुटत नसेल तर लेट्रोझोल हे आज पहिल्या पसंतीचे औषध आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या ७५० स्त्रियांच्या चाचणीत लेट्रोझोल घेणाऱ्यांपैकी २७.५ टक्के स्त्रियांना मूल झाले, तर क्लोमिफिन हे जुने औषध घेणाऱ्यांपैकी १९.१ टक्के. भारतात वंध्यत्वासाठी लेट्रोझोलवर २०११ मध्ये बंदी आली होती. ती २०१७ मध्ये उठली, तरी जुनी धास्ती अजून ऐकू येते. क्लोमिफिनमुळे काहींचे अस्तर पातळ होते, हाही मुद्दा येथे महत्त्वाचा आहे.

याच टप्प्यावर उपाशीपोटीची साखर आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन केलेली तपासणी, थायरॉइडसाठी टीएसएच आणि पतीची वीर्यतपासणी उरकून घ्यावी. वजन जास्त असेल तर पाच ते दहा टक्के घट झाल्यानेही अनेकींची पाळी सुधारते. तीन महिने पाळी आली नसेल, तर मूल हवे असो वा नसो, डॉक्टरांना दाखवावे, कारण प्रोजेस्टेरॉनविना वाढणाऱ्या अस्तरात पुढे घातक बदल होऊ शकतात.

अस्तराचा तुकडा काढून तपासायचे ठरले, तर दोन गोष्टींचा आग्रह धरावा. शेवटच्या पाळीची आणि फॉलिकल फुटल्याची तारीख फॉर्मवर लिहिलेली असावी. तारखेविना आलेला अहवाल वाचणाऱ्यालाही कोड्यात टाकतो. दुसरे म्हणजे नमुना दोन बाटल्यांत जावा: एक फॉर्मॅलिनमध्ये, दुसरी साध्या सलाइनमध्ये. फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात, त्यामुळे क्षयरोगाचे कल्चर (जंतू वाढवून पाहणे) त्या बाटलीतून करता येत नाही, आणि आपल्याकडे गर्भाशयाचा क्षय हे वंध्यत्वाचे खरेखुरे कारण आहे. केवळ पीसीआर (क्षयजंतूंचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी) पॉझिटिव्ह आला म्हणून क्षयाची सहा महिन्यांची औषधे सुरू करण्याआधी मात्र दुसरे मत घ्यावे. फॉर्मॅलिनच्या नमुन्यावर सीडी१३८ ही रंगतपासणी करून प्लाझ्मा पेशी, म्हणजे अस्तराचा जुनाट दाह, शोधता येतो. तो आढळल्यास बहुधा दोन आठवडे डॉक्सिसायक्लिन देतात. हे औषध आपणहून कधीही सुरू करू नये.

आता त्या यादीकडे वळू. रक्तातल्या एनके पेशींवरून अस्तरातल्या पेशींचा अंदाज बांधता येत नाही, आणि अस्तरातल्या पेशींची ‘नॉर्मल’ संख्या किती यावरही एकमत नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, आयव्हीएफमध्ये (शरीराबाहेर गर्भ तयार करून गर्भाशयात सोडण्याच्या उपचारात) वारंवार अपयश आलेल्या ७१५ स्त्रियांपैकी प्रेडनिसोन हे स्टेरॉइड घेतलेल्यांत मूल होण्याचे प्रमाण ३७.८ टक्के आणि औषध नसलेली नुसती गोळी घेतलेल्यांत ३८.८ टक्के निघाले. उलट अपुऱ्या दिवसांची बाळंतपणे स्टेरॉइडच्या गटात अधिक झाली. या क्षेत्रात एक तपासणी मात्र खरोखर उपयोगाची आहे: दोन वा अधिक गर्भपात झाले असतील तर रक्तात गुठळ्या घडवू शकणाऱ्या अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडांची, आणि ती पॉझिटिव्ह आल्यास १२ आठवड्यांनी पुन्हा करायची. ती तपासणी राहून जावी आणि इंट्रालिपिड मात्र दिले जावे, हे मनाला लागते.

आयव्हीएफपर्यंत जावे लागले तर सर्व गर्भ गोठवून, अस्तर शांत झाल्यावर पुढच्या एखाद्या चक्रात सोडण्याबद्दल विचारावे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पीसीओएस असलेल्या १,५०८ स्त्रियांवरच्या चाचणीत गोठवलेल्या गर्भाने ४९.३ टक्के आणि ताज्या गर्भाने ४२ टक्के स्त्रियांना मूल झाले, शिवाय अंडाशय धोकादायकरीत्या सुजण्याचे प्रमाण ७.१ वरून १.३ टक्क्यांवर आले. मात्र गर्भारपणातील उच्च रक्तदाबाचा विकार, प्रीएक्लॅम्प्सिया, गोठवलेल्या गटात ४.४ टक्के व ताज्या गटात १.४ टक्के होता. म्हणून दिवस राहिल्यावर पहिल्या भेटीपासूनच रक्तदाबाची नोंद फाईलमध्ये तारखेसह ठेवावी, आणि अ‍ॅस्पिरिनच्या छोट्या डोसची गरज आहे का, हे तिथेच विचारून घ्यावे.