पाच-सहा मुलांच्या घरातलं हॅलोविन: भोपळा, घारगे आणि गोळ्यांची वाटणी

हॅलोविन म्हणजे ३१ ऑक्टोबरचा सण: भोपळ्यावर चेहरे कोरायचे आणि मुलांनी वेश करून दारोदार खाऊ मागायचा. अमेरिकेत होमस्कूलिंग करणाऱ्या, म्हणजे मुलांना शाळेऐवजी घरीच शिकवणाऱ्या घरांना शाळेतली हॅलोविन पार्टी नसते, त्यामुळे सगळा कार्यक्रम घरीच उभा करावा लागतो. मुलं दोन वर्षांपासून चौदापर्यंत असली की कल्पना कमी पडत नाहीत, प्रत्येकाच्या हाताला जमेल असं काम कमी पडतं. म्हणून सहा मुलांना सहा भोपळे कोरायला देऊ नका. मोठे दोनच कोरायचे. बाकी छोटे भोपळे लहानांनी अॅक्रिलिकने रंगवायचे. न कापलेला भोपळा कित्येक आठवडे टिकतो, त्यामुळे हे रंगकाम ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच उरकता येतं. त्यातला एक निळसर-हिरवा रंगवून दारात ठेवा. २०१४ पासून अमेरिकाभर पसरलेली ही खूण आहे: अॅलर्जी असलेल्या मुलांसाठी इथे खाऊऐवजी स्टिकर, पेन्सिली अशा वस्तूही मिळतात.

कोरण्याचं काम मात्र २९ किंवा ३० तारखेलाच करा. कोरलेला भोपळा तीन ते पाच दिवसांत मऊ पडतो, टेक्सास-फ्लोरिडाच्या उकाड्यात त्याहून लवकर. स्वयंपाकघरातली मोठी सुरी वापरू नका. ती गरात रुतते, मग जोर लावून ओढताना निसटते आणि हात कापतो. कोरण्याच्या संचात मिळणारी बारीक दातांची करवत बरी, आणि तीही मोठ्या मुलांच्याच हातात, शेजारी मोठं माणूस बसलेलं असताना. आत बॅटरीचा दिवा ठेवणार असाल तर भोक बुडाला पाडा, म्हणजे वरचं झाकण सुकून आत कोसळण्याचा प्रश्नच येत नाही. दिवाळी त्याच सुमारास येते, तेव्हा बॅटरीच्या पणत्या बहुतेक घरात असतातच.

बिया आणि धागे काढणं हे लहानांचं काम. बाह्या वर करून हात घालू द्या, किंचाळू द्या. मग मोठ्यांनी ज्या बाजूला चेहरा येणार ती भिंत डावाने खरवडून साधारण एक इंच जाडीची करायची. जास्त जाड राहिली तर करवत अडते आणि उजेड नीट बाहेर येत नाही, फार पातळ झाली तर चेहऱ्याचे कोरलेले दात दुसऱ्याच दिवशी आत वळतात. चित्र कागदावर काढून भोपळ्यावर चिकटवा आणि टाचणीने रेषेवर टोचे मारा. बारीक भाग आधी कापा, मोठे डोळे-तोंड शेवटी, कारण मोठी भोकं पडली की भिंत दाब सोसत नाही.

बिया पाण्यात टाकल्या की तरंगतात आणि धागे सुटतात. चार कप पाण्यात एक टेबलस्पून मीठ घालून दहा मिनिटं उकळा, फडक्यावर पूर्ण कोरड्या करा, थोडं तेल चोळून ३२५ अंश फॅरनहाइटला (सुमारे १६५ सेल्सिअस) वीस-पंचवीस मिनिटं भाजा, मध्ये एकदा हलवा. ओल्या राहिल्या तर चिवट होतात. चाट मसाला भाजल्यावर घाला. चार वर्षांखालच्या मुलांना बिया देऊ नका, घशात अडकतात.

घारग्यांसाठी कोरायचा भोपळा वापरू नका. तो पाणचट आणि धागेदार असतो. दुकानात ‘पाय पंपकिन’ म्हणून छोटा, गोड भोपळा मिळतो, तो घ्या. एक कप किसाला पाऊण कप गूळ घालून शिजवा, गार होऊ द्या, मग वेलदोडा, चिमूटभर मीठ, चमचाभर तांदळाचं पीठ आणि मावेल तेवढी कणीक. पाणी अजिबात नाही. गूळ जास्त झाला तर घारगे तेलात फुटतात, आच मोठी असली तर वरून काळे आणि आतून कच्चे राहतात.

वेशभूषेसाठी सगळ्यांना मिळून एकच विषय ठरवा. ग्रहमाला सोयीची: एकाला सूर्य, बाकीचे ग्रह, आणि शनीचं कडं पुठ्ठ्याचं. कपडे जॅकेटवरून चढतील इतके सैल हवेत, कारण उत्तरेकडे ३१ च्या संध्याकाळी चांगलीच थंडी असते. घोट्याच्या खाली लोंबणारं काहीही पायात येतं. मुखवट्याने नजर अडते, त्यापेक्षा चेहरा रंगवा, पण आदल्या दिवशी मनगटावर रंग लावून पाहा. पाठीवर चकाकणारी पट्टी लावा.

गोळ्या घरी आल्या की सगळ्यांच्या एकाच चादरीवर ओता. लहानांनी रंगाने वेगळ्या करायच्या, मधल्यांनी स्तंभालेख काढायचा, मोठ्यांनी वाटणीचं गणित मांडायचं: सारखे भाग, की वयाच्या प्रमाणात? भांडण होणारच, होऊ द्या, गुणोत्तर त्यातच शिकून होतं. वाटणीआधी शेंगदाण्यांचे पदार्थ अॅलर्जीवाल्यापासून, आणि कडक गोळ्या धाकट्यांपासून बाजूला काढा.

दोन कोरलेल्या भोपळ्यांपैकी एकच ब्लीचच्या पाण्याने (गॅलनभर पाण्यात एक टेबलस्पून, हातमोजे घालून मोठ्यांनीच, त्यात व्हिनेगर कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो) पुसून पालथा वाळवा. दुसरा तसाच ठेवा. दोन्ही अंगणातच ठेवून मुलांना रोज चित्र काढू द्या आणि बुरशी आधी कुठे धरली ते तारखेसह लिहू द्या. कंपोस्टमध्ये फक्त न पुसलेलाच टाकायचा.