दोन लाख किलोमीटर पळालेली गाडी घेताना

परदेशात आलेल्या माणसाची पहिली गाडी बहुतेक वेळा जुनीच असते. पहिला पगार अजून हातात पडलेला नसतो. बँक कर्ज देत नाही, कारण इथल्या कागदोपत्री आपण कालच जन्मलेलो असतो. कामाची जागा बसने दीड तास लांब. मग परवडते ती भरपूर रनिंग झालेली गाडी. गेली कित्येक वर्षं नवीन आलेल्यांपैकी कुणी ना कुणी मला शनिवारी सकाळी अशी एखादी गाडी बघायला सोबत नेतं. मी मेकॅनिक नाही. पहिल्या गाडीत चांगलाच पोळलो, तेव्हा शिकलो.

आधी त्या मोठ्या आकड्याविषयी. गाडी लाखभर किलोमीटर चालली की उतरणीला लागली, हा हिशेब आपण घरूनच घेऊन येतो. मैल मोजणाऱ्या देशात आलात तर गोंधळ वाढतो, कारण तिथले १,००,००० म्हणजे आपले जवळपास १,६१,०००. पण नुसत्या आकड्यावरून फारसं कळत नाही. हायवेवर ताशी ८० च्या सरासरीने १,००,००० किलोमीटर कापलेल्या गाडीचं इंजिन साधारण १,२५० तास चाललेलं असतं. तेवढंच अंतर शहरात, सिग्नलला थांबत थांबत, ताशी २५ ने कापलं तर ४,००० तास होतात. त्या तासांत ब्रेक, गिअरबॉक्स, स्टार्टर सगळ्यांचीच परवड होते. म्हणून रोज चार किलोमीटर जाऊन इंजिन तापायच्या आत बंद होणारी ८०,००० ची गाडी आणि रोज लांबच्या कामाला जाणाऱ्याची २,००,००० ची गाडी शेजारी उभ्या असतील, तर मी आधी दुसरीकडे वळतो.

आकडा खरा आहे ना, तेवढं मात्र तपासा. मीटर मागे फिरवणारे सगळीकडे आहेत. ब्रेक पेडलचं रबर बघा, स्टिअरिंगवर हात जिथे टेकतो तो भाग बघा, ड्रायव्हर सीटची दाराकडची कड बघा. चढता-उतरता तीच घासते. मीटर ७०,००० सांगतंय आणि पेडल गुळगुळीत झालंय, तर बोलणंच थांबवा. दाराच्या खांबावर कधी कधी ऑइल बदलल्याचा जुना स्टिकर असतो, त्यावर तारीख आणि त्या दिवशीचं रनिंग लिहिलेलं असतं. तो काढायचं फिरवाफिरवी करणाऱ्याच्या लक्षात राहत नाही. काचेखाली डॅशबोर्डवर असलेला १७ अक्षरांचा चासी नंबर कागदांवरच्या नंबराशी अक्षर अन् अक्षर जुळवा. तोच नंबर उत्पादकाच्या वेबसाइटवर टाकला की सुरक्षेचं एखादं रिकॉल, म्हणजे कंपनीने दोष दुरुस्त करायला गाडी परत बोलावणं, बाकी आहे का ते कळतं. ती दुरुस्ती अधिकृत सर्व्हिस सेंटरवाले सहसा फुकट करून देतात.

यानंतर मी विक्रेत्याला एकच प्रश्न विचारतो, “पावत्या आहेत का?” “गाडी एकदम मस्त मेंटेन केलीये” हे उत्तर नव्हे. मला बघायचं असतं की ऑइल किती किलोमीटरला बदललं, गिअरबॉक्सचं ऑइल कधी तरी बदललं का, कूलंट कधी, ब्रेक फ्लुइड कधी. ब्रेक फ्लुइड हवेतली ओल शोषून घेतं, म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं. ज्याने ते बदललंय त्याने बाकीचंही केलं असणार, असा माझा अनुभव आहे.

पावत्यांमध्ये सगळ्यात आधी शोधायचा तो टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह आणि पिस्टन एका तालात ठेवणारा पट्टा. काही इंजिनांत रबरी बेल्ट असतो, काहींत लोखंडी साखळी. आपल्या मॉडेलात, आपल्या वर्षाच्या, आपल्या इंजिनात काय आहे हे गाडी बघायला निघण्यापूर्वी शोधून ठेवा. बेल्ट असेल तर तो साधारण १,००,००० ते १,६०,००० किलोमीटरच्या दरम्यान बदलावा लागतो, आणि रनिंग कमी असलं तरी ठरावीक वर्षांनी बदलावाच लागतो. तुटण्याआधी तो काही आवाज करून कळवेल, असं समजू नका. बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह उघडे राहतात, पिस्टन वर येऊन त्यांच्यावर आदळतात आणि इंजिन संपतं. विक्रेता “बदललाय” म्हणाला आणि पावती नसली, तर तो बदललेला नाही असं धरून हिशेब करा. बदलताना वॉटर पंप आणि बेल्ट ताणून धरणारा टेन्शनरही सोबत बदलून घ्यायचे. सगळं एकदा उघडलेलंच असतं, दुसऱ्यांदा उघडायची मजुरी कशाला भरायची?

आता प्रत्यक्ष गाडी. फोनवरच सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोहोचल्यावर नमस्कार-चमत्कार चालू असतानाच बॉनेटवर तळहात ठेवा. कोमट लागलं तर समजायचं, सकाळी सकाळी तिला तापवून ठेवलीय. गार इंजिन सुरू करताना जी खडखड, जो धूर, जो आचका असतो तो तापलेल्या इंजिनात लपतो. मागे सायलेन्सरपाशी एकाला उभं करा आणि मग किल्ली फिरवा. थंडीत थोडी वाफ आणि पाण्याचे थेंब येणारच, त्याला घाबरू नका. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय. पांढरा, गोडसर वासाचा धूर इंजिन तापल्यावरही येतच राहिला तर कूलंट आत जातंय, बहुधा हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या वरच्या आणि खालच्या भागामधलं सील, गेलंय. काळा धूर म्हणजे इंधन जास्त जातंय. इंजिन सुरू करण्याआधी डिपस्टिक (ऑइलची पातळी मोजायची पट्टी) काढून बघा, ऑइल भरायचं झाकणही उघडा. झाकणाखाली सायीसारखा पांढरट थर दिसला तर डिपस्टिकही तशीच आहे का ते पाहा. फक्त झाकणालाच असेल तर थंडीत जवळच्या जवळ फिरवल्याने ओल धरलेली असू शकते. डिपस्टिकवरही दुधाळ दिसलं तर तिथून निघायचं. कूलंटची पातळी टाकीवरच्या खुणेवरूनच बघा. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडायच्या फंदात पडू नका.

इंजिन सुरू न करता किल्ली फिरवली की चेक इंजिन, एअरबॅग, एबीएस हे सगळे दिवे लागले पाहिजेत आणि इंजिन सुरू झाल्यावर विझले पाहिजेत. एखादा दिवा लागलाच नाही, तर आनंद मानू नका. त्याचं कनेक्शन काढलेलं असू शकतं.

मी फसलो ते इथेच. माझ्या पहिल्या गाडीचे सगळे दिवे शहाण्यासारखे लागले आणि विझले. चालवून पाहिली, लोण्यासारखी चालली. रोख पैसे मोजून घरी आणली. चौथ्या दिवशी कामावर जाताना पिवळा दिवा लागला. गॅरेजवाल्याने यंत्र लावलं आणि शांतपणे म्हणाला, “बिघाडाचा कोड कुणीतरी चार दिवसांपूर्वीच पुसलाय.” विकणाऱ्याने आम्ही पोहोचायच्या आधी कॉम्प्युटरमधली नोंद साफ केली होती, दोष होता तिथेच होता. सायलेन्सरच्या वाटेत धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी झालेला. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे मौल्यवान धातू असतात, त्यामुळे तो भाग मुळातच महाग. खर्चाचा आकडा ऐकून नाकापेक्षा मोती जड म्हणजे काय ते मला कळलं.

त्यानंतर मी खिशात मावणारा एक छोटा ओबीडी रीडर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, घेतला. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये तो लावायचा आणि फोनवर वाचायचं. अमेरिकेत १९९६ पासूनच्या आणि युरोपात २००१ पासूनच्या पेट्रोल गाड्यांना हे सॉकेट असतं. कोड नाहीत म्हणून समाधान मानू नका, “रेडीनेस मॉनिटर” उघडा. कोड पुसले किंवा बॅटरी काढली की गाडी स्वतःच्या चाचण्या पुन्हा पहिल्यापासून करते, आणि त्या पुऱ्या व्हायला कित्येक दिवसांचं चालवणं लागतं. तीन-चार मॉनिटर “अपूर्ण” दिसले तर विचारा, काल काय पुसलंत? आणि आठवड्याने पुन्हा येतो म्हणा.

चालवताना गाणी बंद, गप्पा बंद. ऑटोमॅटिकमध्ये ब्रेक दाबून ठेवून डीमधून आरमध्ये, पुन्हा डीमध्ये घाला. गिअर पडायला वेळ लागला किंवा धक्का बसला, तर गिअरबॉक्स थकलाय. चढावर आरपीएम वाढतोय पण वेग वाढत नाही, हेही तेच लक्षण. आपण बहुतेक हाताच्या गिअरवर शिकलेलो, क्लच बदलला की झालं असं आपल्याला वाटतं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं काम मात्र जुन्या गाडीच्या अख्ख्या किमतीला गिळू शकतं. रिकाम्या पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून गोल फिरवा. टक टक टक आवाज आला तर ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट गेलाय. ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरलं तर डिस्क बघायला हव्यात. या दोन्ही गोष्टी निभावण्यासारख्या, त्यापायी चांगली गाडी सोडू नका.

टायर खूप काही सांगून जातात. बाजूला छापलेल्या कोडचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. ३५१९ म्हणजे २०१९ चा पस्तिसावा आठवडा. एकाच कडेने झिजलेला टायर अलाइनमेंट किंवा सस्पेन्शनचा खर्च दाखवतो. चार चाकांना चार कंपन्यांचे स्वस्त टायर दिसले, तर मालकाने ऑइलवरही असेच पैसे वाचवले असणार. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात अशा भागातली गाडी असेल तर खाली वाकून बघाच. सायलेन्सरवरचा वरवरचा गंज चालतो. चाकांचे हात जिथे जोडलेले असतात ती चौकट स्क्रूड्रायव्हरने टोचल्यावर पापुद्रे निघाले, तर गाडी कितीही चकचकीत असो, ती भंगारातच जायची. खाली सगळीकडे काळा रंग ताजा ताजा फासलेला दिसला, तर मला तरी संशय येतो.

आता खर्चाचा अंदाज. मायदेशात आपल्याला पार्टची किंमत टोचायची, मजुरी फारशी नाही. बाहेर बहुतेक ठिकाणी उलटं असतं: मजुरी तासावर, आणि प्रत्येक कामाचे तास ठरलेले. हीटर कोअर हा गाडीत गरम हवा देणारा छोटासा, तुलनेने स्वस्त भाग; पण कित्येक गाड्यांत तो बदलायला अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. तेव्हा “पार्ट ऑनलाइन स्वस्त मिळतो” यावर हिशेब उभा करू नका. अधिकृत शोरूम सोडून दुसऱ्या एखाद्या चांगल्या गॅरेजला फोन करा, मॉडेल, वर्ष, इंजिन सांगा आणि दोन-तीन कामांचा मजुरीसकट भाव विचारा. ब्रेक पॅड, बॅटरी, स्पार्क प्लग ही किरकोळ कामं, ती धरूनच चाला. शॉकअप, व्हील बेअरिंग, अल्टरनेटर, चार टायर, टायमिंग बेल्ट यांपैकी दोन-तीन कामं पहिल्या वर्षात येतीलच असं मानून ती रक्कम बाजूला ठेवा आणि तेवढी मागणीतून कमी करून घासाघीस करा. हेड गॅस्केट, गिअरबॉक्स, गंजलेली चौकट यांपैकी एकाचीही शंका असेल तर घासाघीस करू नका, निरोप घ्या. हायब्रिड असेल तर मोठ्या बॅटरीची तपासणी करून घ्या. डिझेल गाडी फक्त शहरात फिरली असेल तर तिचा धुराचा फिल्टर तुंबलेला असण्याची शक्यता जास्त.

सगळं आवडलं तरी पैसे देण्याआधी तिला तुमच्या पसंतीच्या गॅरेजमध्ये लिफ्टवर चढवा. तपासणीचे पैसे तुम्हीच भरायचे, आणि गाडी नापास झाली तरी ते वाया गेले म्हणून हळहळू नका. विक्रेता “वेळ नाही, दुसरं गिऱ्हाईक येतंय” म्हणाला, तर येऊ द्या त्याला.

गाडी घेतलीत की पहिल्याच आठवड्यात ऑइल, फिल्टर आणि ब्रेक फ्लुइड बदला, मागच्याने काहीही सांगितलं असो. मग महिनाभर दर रविवारी, इंजिन गार आणि गाडी सपाटीवर असताना, डिपस्टिक पुसून बघा आणि ऑइल कुठवर आहे ते रनिंगसह वहीत लिहा. त्याच वहीच्या मागच्या कप्प्यात पहिली पावती ठेवा.