घाऊक गोदामात सॉफ्टवेअर आणताय? आधी मालाची यादी सरळ करा

घाऊक व्यापारासाठी सॉफ्टवेअर विकणारा आधी डॅशबोर्ड दाखवतो. रंगीत आलेख, लाल-हिरवे ठिपके, पुढच्या महिन्याच्या मागणीचा अंदाज. हे आकडे कुठून येतात, एवढंच त्याला विचारा. ते येतात तुमच्याच मालाच्या यादीतून. यादी गचाळ असेल तर आलेखही गचाळच निघणार, फक्त रंगीत. म्हणून खाली सगळ्यात जास्त जागा त्या यादीला दिली आहे.

१. सॉफ्टवेअर निवडा

चार गोष्टी बघा. एकाच मालाला नग, डझन, पेटी अशी अनेक एककं ठेवता येतात का? बॅच आणि मुदतीची तारीख आवकेच्या वेळीच नोंदवता येते का? इंटरनेट गेलं तरी स्कॅनिंग चालू राहतं का? आणि आपला सगळा डेटा हवा तेव्हा बाहेर काढून घेता येतो का? या शेवटच्या प्रश्नावर विक्रेता "बघू" म्हणाला, तर चहा संपवा आणि उठा.

२. मालाची यादी

मला सगळ्यात जास्त दमवलं ते याच टप्प्याने. "जुनी यादी जशी आहे तशी चढवा, नंतर सुधारू" असा सल्ला सर्रास मिळतो. तो धुडकावून लावा. एकदा व्यवहार सुरू झाले की प्रत्येक चुकीच्या नोंदीवर बिलं, परतावे आणि शिल्लक यांचे थर चढत जातात. मग सुधारायला कुणी धजत नाही.

आधी दुबार नावं काढा. एकच माल तीन वेगवेगळ्या स्पेलिंगनी तीन ठिकाणी असतो. एका नावाखाली शिल्लक उणे दिसते, दुसऱ्याखाली पडून असते. नावाचा क्रम ठरवून टाका: ब्रँड, प्रकार, आकार, वजन. मालाचा अंतर्गत कोड मात्र साधा अनुक्रमांक असू द्या. त्यात पुरवठादार किंवा रॅक नंबर कोंबण्याची हौस नको. पुरवठादार बदलला की तो कोड खोटं बोलू लागतो.

आता एककं. मूळ एकक म्हणजे तुम्ही कधीही, अगदी परताव्यातही, हाताळता तो सगळ्यात लहान घटक. बहुतेक वेळा तो नग असतो. बाकी सगळी एककं त्याच्या पटीत. इथवर सगळ्यांना जमतं. घोळ होतो तो कंपनी पेटीतले नग बदलते तेव्हा. समजा पेटी २४ नगांची होती आणि आता २० ची येऊ लागली. गोदामात जुन्या १० पेट्या आहेत, म्हणजे २४० नग. कुणीतरी घाईत सॉफ्टवेअरमध्ये २४ खोडून २० केलं. आता पडद्यावर १२ पेट्या दिसतात, रॅकवर १० आहेत. आपल्या सेल्समनने दुकानदाराला बाराचा शब्द दिला, गाडीत दहा चढल्या, आणि सगळे हमालाकडे संशयाने बघू लागले. काही सॉफ्टवेअर शिल्लक पेट्यांमध्येच साठवतात. तिथे उलटं होतं: पेट्या दहाच राहतात, पण ४० नग हिशेबातून गायब होतात. म्हणून जुना गुणक, म्हणजे एका पेटीत किती नग हा आकडा, कधीही बदलायचा नाही. नव्या पेटीला नवं एकक आणि तिचा वेगळा बारकोड जोडायचा. बारकोडचे जागतिक नियम ठरवणाऱ्या जीएस१ या संस्थेचा नियमही हाच सांगतो: पेटीतली संख्या बदलली की पेटीला नवा क्रमांक, आतल्या नगाचा जुनाच.

बारकोडचं तर वेगळंच दुखणं. नगावर बहुधा १३ अंकी क्रमांक असतो, पेटीवर १४ अंकी. नेहमीच्या पेटीच्या क्रमांकात पहिला अंक १ ते ८ पैकी एक असतो आणि तो पॅकिंगची पातळी दाखवतो. शेवटचा अंक आधीच्या सगळ्या अंकांवरून काढलेला तपासणी अंक असतो. त्यामुळे नगाच्या क्रमांकापुढे नुसता १ चिकटवला की पेटीचा क्रमांक झाला, असं होत नाही. तपासणी अंकही बदलतो. पेटीवरचा क्रमांक स्कॅन करूनच घ्या. आणि पेटीचा बारकोड चुकून नगाला जोडला गेला, तर अख्खी पेटी दाराबाहेर जाते आणि शिल्लक एका नगाने कमी होते. ही चूक महिनोन्‌महिने सापडत नाही.

एक्सेलमध्ये यादी बनवत असाल तर बारकोडचा रकाना आधी "टेक्स्ट" करा, मगच आकडे भरा. नाहीतर एक्सेल सुरुवातीचं शून्य खातं, लांब क्रमांक घातांकात दाखवतं, आणि सीएसव्ही (नुसत्या मजकुराची) फाइल केलीत की तेच विद्रूप रूप कायमचं जतन होतं. पॅलेटवरच्या (पेट्या रचायच्या फळीवरच्या) १८ अंकी क्रमांकाचे तर शेवटचे तीन अंक थेट शून्य होतात, कारण एक्सेल १५ अंकांपलीकडे नेमकेपणा ठेवत नाही.

हे काम बाहेरच्या टंकलेखकाला देऊ नका. रोज माल काढणाऱ्याला रॅकसमोर उभं करा आणि एकेक वस्तू हातात घेऊन नोंदवा. यादी झाली की नवी वस्तू चढवण्याचा अधिकार एकाच माणसाकडे ठेवा. बाकीचे कुरकुरतील, कुरकुरू द्या.

३. सुरुवातीची मोजणी

आवक-जावक पूर्ण थांबवून मोजा. मोजणाऱ्याला जुन्या वहीतला आकडा दाखवू नका, नाहीतर तो तोच आकडा "मोजून" आणतो.

४. आवक दारातच स्कॅन करा

माल रॅकवर चढण्याआधी, मुदतीच्या तारखेसह. मग ज्याची मुदत आधी संपते तो माल आधी काढण्याची सूचना आपोआप मिळते.

५. फेरमागणीची पातळी ठरवा

रोजची सरासरी विक्री गुणिले माल यायला लागणारे दिवस, अधिक राखीव साठा. रोज ४० नग, सहा दिवस, राखीव ८०. म्हणजे ३२० वर आलं की ऑर्डर. तुलना करताना हातातल्या साठ्यात वाटेवरचा माल मिळवा आणि शब्द दिलेला वजा करा. दिवस पुरवठादाराच्या तोंडचे घेऊ नका. आपल्याच ऑर्डर आणि आवकेच्या तारखांतून काढा. माल संपलेला होता ते दिवसही सरासरीत धरू नका. त्या दिवशी शून्य होती ती विक्री, मागणी नव्हे.

एआयने मागणीचा अंदाज काढायचा असेल तर वर्षभराचा स्वच्छ डेटा साठेपर्यंत थांबा. त्याआधी घेतलात तर तो तुमच्याच चुकांचा अंदाज काढून देईल.

६. दुकानदारांना जोडा

ऑर्डर मोबाइलवर घ्याच. पण त्यांच्याकडून खरी विक्री कळली तर त्याहून उत्तम. नुसत्या ऑर्डरी पाहून पुढे मागणी नोंदवत गेलं, की किरकोळ विक्रीतला छोटा चढउतार घाऊक व्यापाऱ्यापर्यंत येताना मोठा होतो आणि कारखान्यात तर उसळीच मारतो.

७. फिरती मोजणी

वर्षातून एकदा सगळं मोजण्यापेक्षा रोज थोडा माल मोजा. जास्त खपणारा वारंवार, कमी खपणारा कधीमधी. फरक सापडला की लगेच आकडा दुरुस्त करून मोकळं होऊ नका. आधी एकक तपासा, मग न चढवलेलं बिल, मग परतावा, मग शेजारचा रॅक. फरक पेटीतल्या नगांच्या पटीत असेल, तर दुसऱ्या पायरीकडे परत जा.