पटवून देणारा निबंध लिहिताय? या चुका टाळा

मत मांडणारे निबंध मी वर्षानुवर्षं तपासत आले आहे आणि लिहायला बसलेल्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मॅडम, सुरुवात कशी करू?" सुरुवातीची एवढी घाई कशाला? ती सगळ्यात शेवटी लिहिली तरी चालते. आधी ठरवायचं ते हे, की आपलं म्हणणं कुणाला पटवायचं आहे. ज्याला ते आधीच पटलंय त्याच्यासाठी निबंध लिहायची गरजच नसते. ज्याला पटलेलं नाही, पण जो ऐकून घ्यायला तयार आहे, तो आपला वाचक. पुढच्या बहुतेक चुका या माणसाला विसरल्यामुळे होतात.

विषयालाच भूमिका समजणं

'वाचनाचे महत्त्व', 'प्रदूषण: एक गंभीर समस्या'. हे विषय झाले. यात तुमचं म्हणणं काय?

माझी सवय अशी आहे: आपलं म्हणणं एका वाक्यात लिहायचं, त्यात 'करावं' किंवा 'करू नये' असं काहीतरी ठाम यायला हवं, आणि मग तेच वाक्य उलटं करून बघायचं. उलटं झालेलं वाक्य एखादा विचारी माणूस मनापासून म्हणू शकतो का? "वाचन निरुपयोगी आहे" असं कुणी म्हणत नाही, त्यामुळे तिथे पटवण्यासारखं काही उरतच नाही. "लहान मुलांना गृहपाठ देऊ नये" हे उलटं करा. "द्यायलाच हवा" म्हणणारे शिक्षक आणि पालक चिकार भेटतील आणि त्यांच्याकडे कारणंही असतील. इथे निबंधाला जागा आहे.

हे वाक्य सापडेपर्यंत परिच्छेद लिहायला घेऊ नका. त्यात एक अख्खी संध्याकाळ गेली तरी गेली. 'लिहिता लिहिता सुचेल' म्हणणाऱ्यांना सुचतं, नाही असं नाही, पण ते तिसऱ्या पानावर सुचतं आणि आधीची दोन पानं टाकून द्यायची हिंमत होत नाही.

पूर्वपक्ष गाळणं

पूर्वपक्ष म्हणजे आपल्या विरोधात असणाऱ्याचं म्हणणं. ते गाळणं ही माझ्या मते सगळ्यात मोठी चूक, म्हणून जरा सविस्तर सांगते.

एका विद्यार्थिनीने निबंध लिहिला होता: संस्थेचं वाचनालय रात्री उशिरापर्यंत उघडं ठेवावं. भाषा छान, कळकळ खरी. हा निबंध निर्णय घेणाऱ्या समितीपुढे जायचा होता. पहिल्या परिच्छेदात ज्ञानाचं महत्त्व, दुसऱ्यात घरी जागा नसलेल्या मुलांची अडचण, तिसऱ्यात पुन्हा ज्ञान, आणि शेवटी "विद्यार्थ्यांच्या भल्याचा विचार करणारा कोणीही याला विरोध करणार नाही" असं वाक्य. समितीतल्या एका बाईंनी तो शांतपणे वाचला आणि एकच विचारलं: "रात्री दार कोण लावणार?" तिच्याकडे उत्तर नव्हतं. पानंच्या पानं लिहिलेल्या त्या निबंधात वाचनालयात काम करणारा एकही माणूस आलेला नव्हता. वर त्या शेवटच्या वाक्याने शंका विचारणाऱ्या बाईच विद्यार्थ्यांच्या भल्याच्या आड येणाऱ्या ठरल्या. त्यानंतर कोण कशाला ऐकून घेईल?

मग आम्ही दोघी बसलो. मी तिला सांगितलं, त्या बाई होऊन लिही. नकार देण्याची जितकी सबळ कारणं असतील तितकी लिही, आणि इतकी चांगली लिही की त्या म्हणतील, हेच मला म्हणायचं होतं. तिने लिहिलं: कर्मचाऱ्यांचे तास वाढतील, विजेचा खर्च वाढेल, उशिरा घरी जाणाऱ्या मुलींच्या सुरक्षेची जबाबदारी कुणाची, आणि एवढं करून चार मुलं आली तर? हे मांडल्यावर तिची मागणीच बदलली. वर्षभर नको, परीक्षेच्या आधीचे काही आठवडेच. सगळं वाचनालय नको, फक्त वाचनकक्ष. कर्मचाऱ्यांना पाळी बदलून, जादा तास न लावता. खर्च वाढेल हे तिने सरळ कबूल केलं. दुसऱ्या खेपेला समितीत चर्चा झाली ती किती वाजेपर्यंत उघडं ठेवायचं याची. वाचनालय उघडं का ठेवायचं, हा प्रश्न कुणी काढला नाही.

आपल्याकडे न्यायशास्त्राने, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्राने, चर्चेचे तीन प्रकार केले आहेत: सत्य शोधण्यासाठी केलेला तो वाद, जिंकण्यासाठी केलेला जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता समोरच्याचं नुसतं खोडत राहणं ही वितंडा. शास्त्रग्रंथांत आधी पूर्वपक्ष नीट मांडतात आणि मगच आपला सिद्धान्त सांगतात. नवखे लोक पूर्वपक्ष मांडतात तेव्हा त्याचं बुजगावणं करतात: "काही लोकांना वाटतं की मुलांनी खेळूच नये." कोण आहेत हे लोक? असा माणूस दाखवता येत नसेल तर ते वाक्य काढून टाका. आणि विरोधी मुद्द्यात तथ्य असेल तर ते मान्य करा. त्याने तुमची बाजू पडत नाही, उलट वाचकाचा तुमच्यावर विश्वास बसतो.

पुरावा आणि दावा यांच्यामधला दुवा न लिहिणं

डोंगरावर आग आहे, कारण तिथे धूर दिसतो. न्यायशास्त्रातलं हे ठरलेलं उदाहरण. पण ते तिथेच थांबत नाही. जिथे धूर तिथे आग, जसं स्वयंपाकघरात, हे ते उघड सांगतं, मग डोंगरावरही तसाच धूर आहे हे सांगतं, आणि मगच निष्कर्षाला येतं. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन अशा या पाच पायऱ्या. स्टीफन टूलमिन या ब्रिटिश तत्त्वज्ञानेही 1958 साली मांडलेल्या रचनेत दावा आणि आधार यांना जोडणाऱ्या दुव्याला वेगळी जागा दिली.

निबंधात हाच दुवा गायब असतो. "मुलं रोज दोन तास गृहपाठ करतात, म्हणून तो बंद करावा." दोन तास हा आकडा झाला. दोन तास जास्त का? त्यात झोप जाते की खेळ जातो? त्या वेळात शिकणं होतं की नुसतं उतरवून काढणं? हे लिहिलं तर 'म्हणून' या शब्दाला वजन येतं. माझ्या पेन्सिलीची सगळ्यात जास्त वर्तुळं 'म्हणून' आणि 'त्यामुळे' यांच्याभोवती पडतात.

तयार ढाच्यात मजकूर ओतणं

प्रस्तावना, तीन मुद्दे, समारोप. इंटरनेटवरून हा सांगाडा घ्यायचा, आणि आता तर एआयकडून मुद्देही मागून घ्यायचे. मला हे अजिबात आवडत नाही. मागवलेले मुद्दे गुळगुळीत असतात, आणि त्यांवर एक उलटा प्रश्न विचारला की लिहिणारा गप्प होतो, कारण तो त्या प्रश्नातून कधी गेलेलाच नसतो. मुद्दे तीनच का? दोन भक्कम असतील तर दोन लिहा. तिसरा लंगडा मुद्दा जोडलात की विरोधक नेमका तोच धरतो.

बाकीच्या, थोडक्यात

"आजच्या धकाधकीच्या युगात" अशी सुरुवात सरळ खोडा.

"सर्वांनाच ठाऊक आहे की" लिहिण्याचा मोह झाला की समजा, इथे पुरावा हवा आहे.

आकडा दिलात तर तो कुणी काढला आणि कधीचा, हे त्याच वाक्यात सांगा. सांगता येत नसेल तर आकडा नको.

भावनेला आवाहन करायला हरकत नाही. अ‍ॅरिस्टॉटलनेही बोलणाऱ्याची विश्वासार्हता आणि युक्तिवाद यांच्या जोडीला ऐकणाऱ्याची भावना धरलीच होती. पण भावना प्रसंगातून येते. 'भयानक', 'हृदयद्रावक' अशी विशेषणं रचून ती येत नाही.

निबंध अडलाय?

प्रत्येक परिच्छेदाचं सार समासात एका ओळीत लिहा आणि फक्त त्या ओळी सलग वाचा. दोन ओळी एकच सांगत असतील तर एक परिच्छेद जास्तीचा आहे. एखादी ओळ लिहिताच येत नसेल, तर त्या परिच्छेदात मुद्दाच नाही. ओळींची अदलाबदल करूनही काही बिघडत नसेल, तर ती नुसती यादी झाली आहे, तिचा युक्तिवाद व्हायचाय. मग निबंध एक दिवस बाजूला ठेवा, आणि तुमचं मत न पटणाऱ्या एखाद्याला तो मोठ्याने वाचून दाखवा. तो मध्येच जिथे "पण" म्हणेल, तिथे पेन्सिलीने खूण करा आणि दुरुस्तीला तिथूनच सुरुवात करा.