मॉडेल स्टीम इंजिनाची चाकं बदलताय? या चुका टाळा

डबल-ओ गेजचं, म्हणजे फुटाला 4 मिमी मापाच्या मॉडेल रेल्वेचं, जुनं टँक इंजिन सेकंडहँड मिळालं की सगळ्यात आधी नजरेला खटकतात ती त्याची चाकं, फ्लँज (रुळाच्या आतल्या बाजूने खाली येणारी चाकाची कड) इतकी खोल की बारीक रुळांवरून जाताना खालच्या खिळ्यांना घासत खडखड करत जातं. मग आपण हौसेने नवी बारीक चाकं मागवतो, बसवतो, आणि आधी निदान धावणारं इंजिन आता लंगडायला लागतं. माझ्या जिंटीचं, म्हणजे ब्रिटनच्या एलएमएस रेल्वेच्या सहा चाकी शंटिंग इंजिनाचं, अगदी हेच झालं होतं.

मापात पहिली चूक होते. खऱ्या जिंटीचं चाक 4 फूट 7 इंचाचं, फुटाला 4 मिमी या हिशोबाने मॉडेलवर साधारण 18.3 मिमी येतं, पण हा व्यास रुळावर टेकणाऱ्या भागाचा आहे, फ्लँजसकट मोजायचा नाही. एक्सलही नीट मोजा. चेसिसला 1/8 इंची म्हणजे 3.175 मिमीचा एक्सल लागत असेल आणि तुम्ही 3 मिमीचा घातला तर तो आरामात जातो, म्हणून वाटतं बसला, पण आत डुगडुगतो आणि गिअर कधी घट्ट कधी सैल लागतो.

पॉइंटवर, म्हणजे गाडी रूळ बदलते त्या जागी, इंजिन घसरतंय म्हणून लोक रूळ उखडून परत टाकतात हो, आणि दोष असतो बॅक टू बॅकमध्ये, म्हणजे दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधल्या अंतरात. डबल-ओला ते 14.5 मिमीच्या आसपास हवं. प्रत्येक जोडी व्हर्निअरने तपासा आणि चाक फिरवून तीन-चार ठिकाणी तपासा, कारण चाक तिरकं बसलं असेल तर एका जागी माप बरोबर आणि समोरच्या जागी चूक असं येतं.

आता क्वार्टरिंग, खरी डोकेदुखी इथे आहे. डाव्या आणि उजव्या बाजूची क्रँकपिन (चाकावरची खुंटी, जिच्यात चाकं एकमेकांना जोडणारा रॉड अडकतो) एकमेकींशी काटकोनात असते, म्हणजे एका बाजूचा रॉड पार टोकाला गेला की दुसऱ्या बाजूचा ऐन जोरात असतो. सगळे 90 अंश अचूक आणायच्या मागे लागतात, पण अचूकपणापेक्षा तिन्ही एक्सलवर कोन सारखा असणं महत्त्वाचं, तिन्हीकडे 88 असेल तरी इंजिन मस्त पळतं, एकाच एक्सलवर वेगळा असेल तर अडकलंच समजा. रॉमफर्ड ब्रँडसारख्या चौकोनी टोकाच्या एक्सलवर हे आपोआप जुळतं, दाबून बसवायच्या चाकांना मात्र जिग, म्हणजे कोन जुळवून धरणारा साचा, घ्याच, नुसत्या नजरेवर जाऊ नका.

तपासायची माझी पद्धत अशी, मोटर काढून ठेवायची आणि चेसिस काचेच्या तुकड्यावर एका बोटाने हळू ढकलायची. रॉड नसताना गडगडत जाते आणि रॉड लावल्यावर प्रत्येक फेऱ्यात एकाच जागी अडते? मग पुढच्या एक्सलच्या दोन्ही क्रँकपिन काढून ढकला, नंतर त्या लावून मागच्या काढा. ज्या काढल्यावर मोकळी चालते तो एक्सल बिघडलाय. माझ्या जिंटीत मागचा होता, चाक केसभर फिरवलं आणि अडणं थांबलं. इथे घाई करून रॉडची भोकं मोठी करणं ही सगळ्यात वाईट चूक, अडणं तात्पुरतं लपतं आणि इंजिन कायमचं खिळखिळं होतं.

नंतर येतो करंट. बऱ्याच जुन्या मॉडेलमध्ये एका बाजूची चाकं इन्सुलेटेड असतात, दुसरीकडची चेसिसलाच करंट देतात. एक जोडी उलटी बसली की रुळावर ठेवल्याठेवल्या शॉर्ट, म्हणून मोटर लावायच्या आधी मल्टिमीटरने दोन्ही रुळांमध्ये कंटिन्युइटी बघा, बीप आलीच नाही पाहिजे. डीसीसी, म्हणजे इंजिनात डीकोडर नावाचं छोटं सर्किट बसवून डिजिटल कंट्रोल, लावणार असाल तर मोटर चेसिसपासून पूर्ण वेगळी हवी, नाहीतर डीकोडर जळतो.

आणि पिकअपच्या, म्हणजे चाकाकडून करंट घेणाऱ्या, पत्त्या जुन्या जाड चाकाच्या हिशोबाने वाकवलेल्या असतात, नव्या चाकाला एकतर टेकतच नाहीत किंवा इतक्या दाबतात की ब्रेकच लागतो. चिमट्याने वाकवताना चाक आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला पूर्ण सरकवून बघा, दोन्हीकडे पत्ती हलकीच चिकटून राहिली की झालं.